ती वाक्यं येत नाहीत

मला एका जागी बसवत नाही, आणि पोटासाठी काम मिळालं ते नेमकं बसायचं. शिवाजी पेठेतल्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं अक्षरजुळणी करतो. लग्नपत्रिका, तालमीची पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची निमंत्रणं, फुटबॉल संघांचे बोर्ड, आणि शाळा-कॉलेजांचे पेपर. कॉम्प्युटरवर हात चालू असतात तेव्हा टेबलाखाली माझा डावा गुडघा सारखा हलत असतो. आमचे बाइंडर चाचा, ज्यांच्या घरात तीन पिढ्या वह्या-पुस्तकं शिवायचंच काम चालत आलंय, ते पलीकडून ओरडायचे, "पाय थांबव गा, माझ्या सुईला झटकं बसाय लागल्यात." मी थांबवायचो. जरा वेळानं उजवा सुरू व्हायचा.

पेपरचं काम आलं की मालक शटर अर्धं खाली ओढतात. सगळ्यांचे मोबाइल एका बिस्किटाच्या डब्यात जातात आणि डबा मालकांच्या गादीखाली. मग ते प्रत्येकाकडं बघून एकच प्रश्न विचारतात, "घरचं कोण बसलंय काय ह्या परीक्षेला?" कुणी हो म्हटलं तर तो माणूस त्या दिवशी दुसरं काम करतो. खराब निघालेला एकेक कागद मोजून चाचांच्या कटिंग मशीनखाली जातो आणि त्याची पार शेव होते. एरवी आमच्याकडं दिवसभर टिंगलटवाळी चालते, पण ह्या कामात कुणी हसत नाही. छपाईत गावभर आमच्याहून स्वस्त माणसं आहेत. तरी पेपर आमच्याकडं येतात ते ह्या डब्यामुळं आणि ह्या प्रश्नामुळं, असं मालक म्हणतात आणि ते खरं आहे.

मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकलो ते एका म्हाताऱ्या कंपोझिटरच्या हाताखाली. ते कुठलंही काम संपलं की शेवटी तीन चांदण्या लावायचे, मधली जराशी वर. कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले, पण ती खोड माझ्या बोटांत राहिली. धाकट्या बहिणीच्या लग्नपत्रिकेवरही मी त्या लावल्या होत्या. ती सगळ्या पाहुण्यांना दाखवत फिरली होती, "ही आमच्या दादाची सही." पेपरवर मात्र असली खूण चालत नाही, पेपर कुठं छापला हे कुणाला कळता कामा नये. त्यामुळं पेपर झाला की मी चांदण्या आठवणीनं काढून टाकायचो.

तर एका मोठ्या शिक्षण संस्थेचा पेपर आला. संस्थेतल्या शिपायांमधून कारकून नेमायचे होते आणि त्यासाठी अंतर्गत परीक्षा होती. मालकांनी प्रश्न विचारला. मी म्हटलं, "धाकटी बहीण हाय तिथं, पण रोजंदारीवर. रोजंदारीवाल्यांना बसता येत न्हाय." पेपर घेऊन आलेल्या सरांनी मान हलवून ते खरं असल्याचं सांगितलं. मालक म्हणाले, "मग झालं. बस तू."

इंग्रजीच्या भागात कर्तरी-कर्मणीचा प्रश्न होता. पाच वाक्यं, दोन-दोन मार्क. मी इंग्रजी कुणाकडं शिकलो नाही, बारावीला कसाबसा निघालो. जे काही येतं ते पेपर आणि उत्तरपत्रिका टाइप करता करता आलेलं. त्यातही हा प्रकार माझ्या आवडीचा. कर्त्याला उचलून मागं टाकायचं, कर्माला पुढं आणून बसवायचं, क्रियापदाचं रूप बदलायचं आणि मध्ये एक 'बाय' घालायचा. वाक्यातलं कुणीच आपल्या जागी राहत नाही, म्हणूनच बहुधा मला ते बरं वाटतं. सरांनी वाक्यं शिपायांना शोभतील अशी काढली होती. 'द प्रिन्सिपल साइन्ड द बिल' हे एकच सरळ. बाकी चार तिरकी, म्हणजे प्रश्न नाहीतर हुकूम. 'हू रँग द बेल?' 'ओपन द विंडोज.' 'डू नॉट टच द फाइल्स.' 'हॅज द क्लार्क टाइप्ड द लेटर?' मी टाइप करता करता मनात पाचही फिरवून बघितली आणि स्वतःवर खूश झालो. मूळ वाक्यं एका ओळीत, उत्तराला दोन ओळी मोकळ्या, सगळं कसं नीटनेटकं. पेपर छापून, गठ्ठे लाखेनं बंद होऊन गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बहीण संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढताच. हातात संस्थेच्या परिपत्रकाची झेरॉक्स. दहा वर्षं झालेल्या रोजंदारीवाल्यांनाही परीक्षेला बसायची परवानगी मिळाली होती. तिला अकरा झाली होती. अकरा वर्षं दर जूनला नेमणुकीचा नवा कागद, अकरा महिन्यांचा. मेच्या सुट्टीत ती कुणाचीच नसायची. वयाची अट चाळीसची होती आणि तिला एकोणचाळीस चालू होतं. म्हणजे बसायचं तर ह्याच वेळी.

"इंग्रजी तेवढं तू बघ, दादा," ती म्हणाली. "गणित, मराठी, संस्थेचे नियम, ते मी बघते. इंग्रजीत चाळीसपैकी सोळा पाडायचेच हाईत, त्याशिवाय बाकीचं धरत न्हाईत."

मी जेवत होतो. घास तोंडात तसाच फिरत राहिला. बायको म्हणाली, "अवो, काहीतरी बोला की." मी म्हटलं, "क्लास लाव की कुठंतरी चांगला." बहीण म्हणाली, "क्लासात समदी कॉलेजची पोरं. त्यांच्यात जाऊन बसू व्हय मी? आणि घरात बावीस वर्षं पेपर करणारा माणूस असताना?"

मी त्याच संध्याकाळी छापखान्याकडं गेलो. मालकांना सांगायचं, एवढंच ठरवून गेलो होतो. शटर उघडं होतं, मालक गादीवर बसून कुणाशी तरी मॅचच्या गप्पा मारत होते. मी बाहेर उभा राहिलो, पानपट्टीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. सांगितलं असतं तर पेपर नव्यानं काढावा लागला असता, नव्यानं छापावा लागला असता. संस्थेनं पुढचं काम दुसऱ्याला दिलं असतं. तिकडं कुणीतरी बोललंही असतं, की हिला भावानं आधीच सांगितलंय, आणि तिचा अर्ज बाजूला पडला असता. ही सगळी कारणं खरी होती. पण सगळ्यांत खरं कारण म्हणजे मी भित्रा आहे. पाय नुसते हलतात, टाकायचं तिथं पाऊल टाकत नाहीत. मी तसाच घरी आलो.

बहिणीचं घर आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. तिचा नवरा आधी इचलकरंजीला मागावर होता. आता शिरोलीला फाउंड्रीत शिफ्ट करतो. ती सकाळी सहाला यायला लागली. वही, पेन्सिल आणि तिच्या मैत्रिणीच्या मुलीचं जुनं व्याकरणाचं गाइड. आमच्या स्वयंपाकघरात खाली पाट टाकून ती बसायची, बायको चहा ठेवायची, आणि मी गॅसपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत वाक्यं सांगायचो.

पहिल्या सकाळी मी तोंड उघडलं आणि जिभेवर आलं, 'ओपन द.' तिथंच गिळलं. खोकला काढला. ती पेन्सिल रोखून बसलेली. "ओपन द काय?"

"ते र्‍हाऊ दे. लिही, द कॅट ड्रिंक्स मिल्क."

तिनं लिहिलं. मिल्क इज ड्रंक बाय द कॅट. बरोबर आलं. तिनं माझ्याकडं शाळेतल्यासारखं वर बघितलं. मी दुसरं वाक्य शोधायला लागलो आणि डोक्यात त्या पाचांशिवाय काही येईनाच. जगात कोट्यवधी इंग्रजी वाक्यं असतील, मला ती पाचच आठवत होती. घंटा म्हटलं की ते वाक्य, खिडकी म्हटलं की ते वाक्य, फाइल म्हटलं की ते. मी मांजर, दूध, आंबा, शेतकरी, भाकरी असं शोधत शोधत कसाबसा तास काढला. ती गेल्यावर मी रंकाळा तळ्यावर फिरायला गेलो, अर्ध्या वाटेतून परत फिरलो, छापखान्यात अर्धा तास आधी जाऊन बसलो आणि तिथूनही उठलो.

मी मनाशी नियम केला. पेपरातलं एकही वाक्य तोंडातून जाता कामा नये. त्याच्यासारखं दिसणारंही नको. प्रश्नाचं नको, हुकमाचं नको. मला वाटलं, एवढं पाळलं म्हणजे मी बावीस वर्षांचा प्रामाणिक माणूस तसाच्या तसा राहीन. त्या नियमाचा मला थोडा अभिमानही वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

चौथ्या की पाचव्या सकाळी तिनं गाइडचं पुढचं पान उघडलं. "आज हे घेऊ या. आज्ञेची आणि प्रश्नाची वाक्यं. हे लेट-बिट काय असतंय, ते कळंना झालंय मला."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. आता हे शिकवलं तर पेपर फोडल्यासारखंच, असं मला आतून वाटलं. मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि पानावर वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली.

"ही वाक्यं येत न्हाईत," मी म्हटलं.

"खरं की? व्हिडिओवाला तर पयलं हेच सांगतोय."

"व्हिडिओवाल्याला काय जातंय बोलायला. मी बावीस वर्षं पेपर टाइप करतोय. शिपायांच्या परीक्षेत असलं कोण विचारतंय? साधीच येतात."

"मग बरं झालं बाई," ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं. एवढ्या सहज उलटलं की मला तिचा राग आला. जरा भांडायचं तरी. लहानपणी साधी लिमलेटची गोळी वाटताना माझ्याशी हुज्जत घालणारी ही मुलगी, इथं एका शब्दावर गप्प बसली.

त्यानंतर तिची गाडी सुटली. साध्या वाक्यांत ती पटाईत झाली. घरात जे दिसेल ते फिरवायला लागली. माझी बायको पोळी करपवायची आणि ही खालून म्हणायची, "चपाती इज बर्न्ट बाय वहिनी." बायको लाटणं दाखवायची. तिला सांगितलं, स्वतःचं वाक्य कर, तर तिनं लिहिलं, आय क्लीन द लॅब. मग खाली, द लॅब इज क्लीन्ड बाय मी. वहीकडं बघत म्हणाली, "हे असं कुणी लिहून ठेवलं असतं रजिस्टरात, तर अकरा वर्षांत मला कायम केलं असतं." आणि हसली. मी गॅसकडं तोंड करून उतू न जाणाऱ्या दुधावर फुंकर मारत राहिलो.

दिवस जवळ आले तसा मी घरात नकोसा झालो. बायको म्हणायची, एका जागी बसा नाहीतर बाहेर जा. बाहेर गेलो की घराकडं ओढ. छापखान्यात चुका व्हायला लागल्या. एका पत्रिकेत वराच्या जागी वधू गेली. चाचांनी ती अलगद माझ्यापुढं सरकवली. "कायतरी खातंय तुला," ते म्हणाले. "मालकांना सांगायचं असंल तर सांग, न्हायतर आम्हाला सांग. पर ह्यो पाय थांबव." मी म्हटलं, काही नाही, ॲसिडिटी. चाचांनी ओव्याची पुडी दिली. ती मी खाल्लीसुद्धा.

परीक्षेला तीन दिवस राहिले तेव्हा मला लख्ख कळलं मी काय केलंय ते. परीक्षा रविवारी होती, आणि हे गुरुवारी दुपारी, एका शाळेची चाचणी टाइप करताना. आठवीची पोरं. त्यांच्याही पेपरात हुकमाची दोन वाक्यं होती, प्रश्नाचं एक होतं. त्या महिन्यात आलेले दुसरे पेपर काढून बघितले, त्यांतही होती. असायचीच. कुठल्याही गाइडात, कुठल्याही व्हिडिओत, कुठल्याही पेपरात ती असतात. मी नसतो तर बहीण ते पान आपोआप शिकली असती. मी तिला पेपर सांगितला नाही, हे ठीक. पण बाकीच्या सगळ्या उमेदवारांना जे उघड्या पुस्तकातनं मिळालं, ते तिच्या एकटीकडनं मी काढून घेतलं होतं. आणि वर प्रामाणिकपणाची ऐट.

मी खुर्ची मागं सारून उठलो आणि सरळ तिच्या घरी गेलो. ती नुकतीच कामावरून आलेली. नवरा शिफ्टला जायच्या तयारीत, डबा भरणं चाललेलं. गाइड खिडकीत उघडं पडलेलं. मी रस्ताभर वाक्य जुळवत आलो होतो, 'ते रेघ मारलेलं पान जरा बघून ठेव.' साधं वाक्य. पण दारात उभा राहिल्यावर ते वाक्य मला जसं आहे तसं ऐकू आलं. आज हे म्हणणं म्हणजेच पेपर सांगणं. पंधरा दिवस 'ती वाक्यं येत नाहीत' म्हणणारा माणूस परीक्षेच्या तोंडावर येतो आणि म्हणतो हेच बघ, ह्याचा अर्थ न कळण्याइतकी ती भोळी नाही. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली.

"काय रं दादा, कामाच्या वेळी?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. अभ्यास कसा काय?"

ती नवऱ्याकडं वळून म्हणाली, "दादानं सोपं करून दिलंय. काय येतंय, काय येत न्हाय, समदं सांगितलंय. म्हणून तर मला निबंधाला टाइम मिळाला." नवऱ्यानं माझ्याकडं बघून मान डोलावली. कमी बोलणारा माणूस. त्याच्या त्या मानेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चहा प्यायलो, उभ्याउभ्याच, आणि परत गेलो.

रविवारी पेपर अकरा ते एक. त्याच दुपारी पेठेच्या संघाची मॅच होती. सकाळपासून गल्लीत झेंडे, हलगी, गाड्यांचे हॉर्न. मी मॅचला गेलो नाही, ह्याचं बायकोला नवल वाटलं. मी चालत सुटलो. संस्थेच्या फाटकापर्यंत गेलो, तिथून रंकाळा, तिथून परत फाटक. साडेबाराला तिथं थांबणं सहन होईना, म्हणून घरी आलो. एक वाजला, दोन वाजले. ती यायला हवी होती, पेपर कसा गेला ते सांगायला. आली नाही. गल्ली रिकामी झाली, सगळे मैदानावर. संध्याकाळी संघ जिंकून आला, गुलाल उडाला. तिच्या दाराला कडी होती, आतून.

सोमवारी सकाळी सहाला बायकोनं सवयीनं तीन कप काढले. मंगळवारीही. मी त्या दोन्ही सकाळी पाटाजवळ बसून राहिलो आणि माझे पाय हलत नव्हते.

बुधवारी ती आली. चप्पल काढून, पाय धुऊन, पाटावर बसली. वही नव्हती. बायको शेजारी दूध आणायला गेलेली.

"पेपर तुमच्याकडचा हुता," ती म्हणाली.

"कशावरून?" मी म्हटलं.

"शेवटच्या पानावर खाली तीन चांदण्या हुत्या. मधली वर."

मी काढायला विसरलो होतो. स्वतःवर खूश होऊन, शेवटपर्यंत नीटनेटकं करून, बोटांनी आपोआप लावलेल्या चांदण्या मी तशाच सोडल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तालुक्यातल्या दुसऱ्या कुणाला त्यातून काही कळलं नसतं. ज्या एका माणसाला कळू नये, तिलाच कळलं.

ती सांगत राहिली, आवाज न चढवता. "बाकीचे विषय लिवून इंग्रजीवर आले. आधी वाक्यं बघितली. घंटा कोणी वाजवली. अकरा वर्षं तिथली घंटा मीच वाजवते, आणि ते वाक्य मला फिरवता येईना. म्हटलं दादाचा अंदाज चुकला, चुकतो माणूस. बाकीचं लिवू, मग बघू. म्हणून शेवटचं पान उलटलं, तर चांदण्या. चाळीस मिनिटं हुती अजून. पेनच चालंना झालं. हे दादानं टाइप केलंय, म्हणजे दादाला ठाऊक हुतं, तरी दादा म्हणाला येत न्हाईत. एवढंच फिरत राहिलं डोक्यात."

मी सगळं सांगितलं. परिपत्रक नंतर आलं ते, मालकांच्या दारातून परत आलो ते, नियम केला तो, गुरुवारी दारात उभा होतो ते. बोलता बोलता उठून उभा राहिलो. ती म्हणाली, "बस." मी बसलो.

"मला वाटलं, त्यातलं काही तुझ्या कानावर घातलं तर ती चोरी," मी म्हटलं.

"व्हय की. चोरीच. मी मागितलं हुतं व्हय ते? तू सांगायला आला असतास तर मीच कानावर हात ठेवलं असतं. पर पुस्तक समद्यांचंच हुतं, दादा. त्यातनं मी माझी शिकत हुते. येत न्हाईत असं कशाला म्हणालास? मला ठाऊक न्हाय म्हणायचं हुतंस. न्हायतर म्हणायचं, तुझं तू बघ. मी बघितलं असतं."

खोटं मी तिला वाचवायला बोललो नव्हतो आणि मालकांनाही नाही. मला सकाळी सहाला सुखानं येरझाऱ्या घालता याव्यात म्हणून बोललो होतो.

जाताना ती म्हणाली, "मी कुणाला सांगितलं न्हाय. ह्यांना बी न्हाय. पेपर अवघड हुता म्हटलं. तू बी आता कुठं बोलू नको, उगं नोकरी जाईल."

निकाल महिन्यानं लागला. इंग्रजीत तेरा. बाकी विषयांत ती पहिल्या चारांत होती, पण बाकीचं धरत नाहीत. तिच्याबरोबर बसलेली एक बाई कारकून झाली. आमची बहीण तिच्या टेबलावर आता पाण्याचा तांब्या ठेवते. जूनमध्ये तिला नवा कागद मिळाला, अकरा महिन्यांचा. मी मालकांना एकदाचं सगळं सांगितलं, तिच्या सांगण्याविरुद्ध. ते म्हणाले, आता सांगून कुणाचं भलं होणार आहे. त्यांनी मला काढलं नाही. पेपरचं काम दुसऱ्याला दिलं, एवढंच. मला त्यानं हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

बहीण काही अबोला धरून बसली नाही. ती तशी नाहीच. सणावाराला येते, जेवते, बायकोच्या चपात्यांना नावं ठेवते. मला ताप आला तेव्हा दोन दिवस तिनंच पेज करून आणली. बघणाऱ्याला वाटेल, काही झालंच नाही. मलाही कधीकधी वाटतं आणि जरा बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात मी दारात उभा होतो. ती गल्लीतून आली, हातात एक लांब पाकीट, उघडलेलं. बँकेचं पत्र, इंग्रजीत. वरचा निळा शिक्का मी लांबूनच ओळखला. असली पत्रं ती वर्षानुवर्षं माझ्याकडंच आणायची. मी वाचायचो आणि सांगायचो, आणि ती सही करायची. मी हात पुढं केला. तिनं पाकीट बघितलं, माझा हात बघितला, आणि हसून म्हणाली, "वहिनीला चहा ठेवाय सांग, आलेच मी." आणि पुढं गेली, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडं, ते वाचून घ्यायला.